घरच्या कार्यशाळेत वाफेचे इंजिन: कागदावर बॉयलर आधी, हातात चासी आधी

लातूर जिल्ह्यातील एका तरुण टर्नरने विचारलेल्या प्रश्नांचे हे उत्तर आहे. त्याचे आयटीआय झालेले आहे, घरी एक छोटा लेथ आणि उभे ड्रिलिंग मशीन आहे, आणि आजोबांकडून बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी ऐकत तो मोठा झाला आहे. त्या रेल्वेचे खरोखर वाफेवर चालणारे, दोन-तीन मुलांना ओढून नेणारे छोटे इंजिन त्याला बनवायचे आहे. ते कोणत्या मापात करावे, बॉयलरसाठी बाजारात मिळणारा लोखंडी पाइप चालेल का, आणि कामाला हात कुठून घालावा, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. लोखंडी पाइप वापरू नये, आणि गॅल्व्हनाइज्ड पाइपचा तर विचारही करू नये. हौशी माणसाचे इंजिन वर्षातून मोजके दिवस पेटते आणि उरलेला काळ ओलसर पोटाने उभे असते. लोखंडाला गंज लागतो तो याच काळात, आतून, आणि तोही सगळीकडे सारखा लागत नाही. खड्डे पाडत जातो. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पाइपची भिंत आत किती उरली आहे, हे घरी मोजता येत नाही. पोलादी बॉयलर छोट्या इंजिनांतही बनतात, परंतु त्यांचा पत्रा गंजाची तूट धरून जाड घेतलेला असतो आणि जोड परीक्षा दिलेल्या वेल्डरने केलेले असतात. गॅल्व्हनाइज्ड पाइपला वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर होतो, तो धोका निराळाच. या मापाच्या बॉयलरला तांबेच हवे.

आता माप. बार्शी लाइटचा गेज (दोन रुळांमधले अंतर) 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होता. हौशी इंजिनांच्या जगात रूढ असलेला 5 इंची गेज म्हणजे 127 मिलिमीटर, आणि 762 ला 127 ने भागले की नेमके 6 येतात. नॅरो गेजच्या इंजिनासाठी यापेक्षा सुटसुटीत प्रमाण मिळणार नाही. मूळ आराखड्यावरील प्रत्येक मापाला सहाने भागत जायचे. तुलनेसाठी सांगतो, मनमाड–सिकंदराबाद मार्गावर छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड असा जो मीटरगेज होता, त्यावरचे मालगाडीचे एखादे वायजी इंजिन याच रुळावर करायचे म्हटले, तर प्रमाण 7.87 असे अडनिडे येते.

परंतु प्रमाण सोपे आले म्हणून पहिलेच इंजिन बार्शी लाइटचे करावे, असे मी म्हणणार नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ही रेल्वे आखताना एका आसावर 5 टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, असे ठरवले होते. त्यामुळेच हलक्या रुळांवर ती मालगाड्या ओढू शकली. 1897 मध्ये ती सुरू झाली, तेव्हा लीड्सच्या किटसन कारखान्याने तिच्यासाठी केलेल्या इंजिनांना आठ चालक चाके आणि मागे चार चाकांची बोगी होती, म्हणजे एकूण सहा आस. प्रत्येकी 5 टन धरले, तर वजन फार तर 30 टन होते. सहाच्या प्रमाणात लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही सहापट कमी होतात, म्हणून वजन 216 पट कमी होते. तरीही ते 140 किलोच्या घरात जाते. हे धूड एकट्याने टेबलावरून उतरवता येत नाही, उलटेपालटे करता येत नाही, आणि आठ चाकांना एकमेकांशी जोडणारे जोडदांड बिनअडकता फिरवणे हे नवशिक्या हातांचे काम नव्हे.

म्हणून पहिले इंजिन चार चाकांचे, नॅरो गेजच्या धाटणीचे, याच 5 इंची रुळावरचे करावे. जॅक बकलर यांचा ‘स्वीट पी’ हा आराखडा मला या कामी विशेष पसंत आहे. त्याची भट्टी चौकोनी नसून गोल आहे, आणि हा गोलपणा किती मोलाचा आहे ते पुढे स्पष्ट होईल. कर्ली लॉरेन्स यांचे साडेतीन इंची ‘टिच’ दिसायला फार गोजिरवाणे असले, तरी त्याचा बॉयलर इतका लहान आहे की पाण्याची पातळी आणि आग यांकडे क्षणभर दुर्लक्ष झाले तरी दाब घसरतो. लहान इंजिन सोपे असते हा समज वाफेच्या बाबतीत खोटा ठरतो. आकार कमी केला की पाण्याचे आकारमान घनाच्या हिशोबाने घटते, पण उष्णता बाहेर जाऊ देणारा पृष्ठभाग वर्गाच्याच हिशोबाने घटतो. त्यामुळे लहान सिलिंडरमध्ये वाफ लवकर थंडावून पाणी होते, आणि लहान भट्टीत चार ढेकळे कमी पडली तरी आग मावळते.

बॉयलर म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याकडे एक चांगले साधन आहे, ते म्हणजे न्हाणीघरातला तांब्याचा बंब. मधोमध धुराची नळी, खाली जाळ, भोवती पाणी. उभ्या बॉयलरची रचना हीच असते. फरक एवढाच की बंबाचे तोंड उघडे असते, म्हणून त्याला दाब माहीत नाही, आणि त्याच्या जोडांना कथलाचा डाख चालतो. आपल्या बॉयलरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलो दाब धरला, तर आतले पाणी सुमारे 162 अंश सेल्सिअसला असते, आणि साधा डाख 183 अंशांच्या आसपास वितळू लागतो. या दोन आकड्यांमध्ये केवळ वीस अंशांचे अंतर आहे, आणि पाणी थोडे कमी झाले तर आगीजवळच्या पत्र्यावर ते अंतर क्षणात संपते. शिवाय वितळण्याच्या बरेच आधी डाखाची ताकद गेलेली असते. म्हणून दाब सोसणारा प्रत्येक जोड चांदीच्या मिश्रधातूने ब्रेझ केलेलाच, म्हणजे तो मिश्रधातू फटीत वितळवून सांधलेलाच असावा.

दाबाचा हिशोब स्वतः मांडावा, दुसऱ्याच्या आराखड्यावर विश्वास असला तरी मांडावा. नळकांड्याच्या भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. 10 सेंटिमीटर व्यास, 3 मिलिमीटर जाडी आणि साडेपाच किलो दाब घेतला, तर ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 92 किलो येतो. मऊ केलेले तांबे तुटायला साधारण 2100 किलो लागतात. उष्णतेने येणारी घट आणि जोडाची घट वजा केली, तरी हाती दहापटीहून अधिक सुरक्षितता उरते. गोल भागाची काळजी त्यामुळे फारशी उरत नाही.

खरी काळजी सपाट पत्र्यांची असते. चौकोनी भट्टीची एक बाजू 15 बाय 12 सेंटिमीटरची धरा. 180 चौरस सेंटिमीटरवर साडेपाच किलोप्रमाणे जवळजवळ 1 टन जोर येतो. तीन मिलिमीटरचा मऊ पत्रा एवढा जोर सरळ राहून सोसू शकत नाही, तो फुगणारच. म्हणून आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना आडव्या दांड्यांनी बांधतात, त्यांना स्टे म्हणतात. दोन्ही दिशांना दर दोन सेंटिमीटरला एक स्टे दिला, की प्रत्येकाच्या वाट्याला चार चौरस सेंटिमीटर, म्हणजे 22 किलो येतात, आणि 5 मिलिमीटर जाडीची तांब्याची दांडी ते सहज पेलते. एखादी ओळ मध्येच गाळली, तर शेजारच्या स्टेवरचा भार थेट दीडपट होतो. गोल भट्टीत मात्र हे स्टे जवळजवळ लागतच नाहीत, आणि पहिल्या इंजिनासाठी मी तिचा आग्रह धरतो तो यासाठी.

धुराच्या नळ्यांसाठी जुन्या जाणकारांचा एक ठोकताळा उपयोगी पडतो: नळीच्या आतल्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करावा आणि त्याला अडीचने गुणावे, म्हणजे योग्य लांबी मिलिमीटरमध्ये मिळते. साडेनऊ मिलिमीटरच्या नळीला साधारण 225 मिलिमीटर लांबी शोभते. नळी याहून फार लांब असेल तर आग ओढ घेत नाही, आणि फार आखूड असेल तर उष्णता धुराड्यातून वाया जाते.

बॉयलरच्या तोंडाशी, म्हणजे नळ, पंप आणि काचा जेथे बसतात त्या ठिकाणी, पितळी बुश (पत्र्यात बसवायच्या आट्यांच्या कड्या) लावू नयेत. तापलेल्या पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरते. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ वापरावे. भंगारातून घेतलेला दांडा पितळेचा आहे की ब्राँझचा, हे नुसत्या रंगावरून ठरवू नये. खात्री नसेल तर नवीन दांडा बिलासह आणावा.

ब्रेझिंगविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण कुशल टर्नरही येथे अडखळतो. पत्र्याच्या कडा फर्म्यावर ठोकून वळवण्याआधी तांबे मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावे. लोखंडाच्या उलट, तांबे याने मऊ होते. ठोकता ठोकता हातोडीचा आवाज बदलतो, बद्द होता तो टणक येऊ लागतो. तेव्हा थांबून पुन्हा तापवावे, नाहीतर कोपऱ्यावर चीर पडते. जोडांमधली फट 0.05 ते 0.1 मिलिमीटर असावी. फट याहून मोठी झाली, की वितळलेली चांदी तिच्यात ओढली जात नाही, नुसती वर साचते.

जाळासाठी उच्च दाबाच्या रेग्युलेटरची मोठी प्रोपेन टॉर्च आणि व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. घरगुती शेगडीच्या रेग्युलेटरमधून येणारा गॅस या कामाला पुरत नाही. तांबे उष्णता सगळीकडे पळवून नेते, म्हणून जोडापुरतेच तापवून भागत नाही, अख्खा बॉयलर तापवावा लागतो. भोवती अग्निविटा रचाव्यात, पोकळ्यांत सिरॅमिक ब्लँकेट ठेवावे आणि मदतीला दुसरा माणूस दुसरी टॉर्च घेऊन उभा असावा. हे काम मी दिवस मावळल्यावर करतो, कारण मराठवाड्यातल्या लख्ख उन्हात तांब्याचा मंद लाल रंग डोळ्याला दिसतच नाही आणि धातू गरजेपेक्षा जास्त तापतो. जोड स्वच्छ राखण्यासाठी लावलेल्या फ्लक्सकडे लक्ष ठेवावे. आधी तो फुगून पांढरा होतो, मग चिकट होतो, आणि शेवटी पाण्यासारखा पातळ व पारदर्शक होऊन जोडावर पसरतो. त्या क्षणी चांदीची कांडी जाळाला न लावता जोडाला टेकवावी. योग्य उष्णता असेल तर कांडीचे टोक वितळते आणि चकाकती बारीक रेघ जोडाभोवती धावत जाते. पलीकडच्या बाजूला तीच रेघ उमटलेली दिसली, म्हणजे जोड आरपार भरला. कांडी गोळा होऊन बसत असेल, तर आणखी चांदी ओतू नये, उष्णता वाढवावी.

पहिल्या फेरीचे जोड कमी चांदीच्या, सुमारे 740 ते 780 अंशांना वितळणाऱ्या मिश्रधातूने करावेत, आणि नंतरचे 55 टक्के चांदीच्या, 630 ते 660 अंशांच्या कांडीने, म्हणजे नंतरच्या जाळात आधीचे जोड सुटत नाहीत. कॅडमियम असलेली कांडी स्वस्त मिळते आणि सुरेख वाहते, पण तिचा धूर फुप्फुसांना घातक असतो. ती घरात आणू नये. जोडानंतर साफ करण्यासाठी सौम्य सायट्रिक अ‍ॅसिडचे द्रावण पुरते, वेळ थोडा जास्त लागतो इतकेच.

तयार बॉयलरची परीक्षा पाण्याने करावी, हवेने कधीही नाही. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे जोड सुटला तर एक चिळकांडी उडते आणि दाब शून्यावर येतो. दाबलेली हवा मात्र तीच चूक स्फोटात बदलते. सगळी हवा काढून बॉयलर काठोकाठ भरावा, हातपंपाने एकेक किलो दाब चढवत कार्यदाबाच्या दुपटीवर, म्हणजे आपल्या उदाहरणात 11 किलोवर न्यावा आणि अर्धा तास तिथेच ठेवून पाहावे. सपाट पत्र्यांवर पोलादी पट्टी टेकवून फुगवटा मोजावा. दाब उतरवल्यावर फुगवटा पूर्ण जायला हवा. पुढे दरवर्षी हंगामाच्या आधी हीच परीक्षा दीडपट दाबाने घ्यावी आणि तारखेसह वहीत नोंदवावी. वापरायचा दाबमापक आधी चांगल्या मापकाशी ताडून घ्यावा.

कायद्याचेही सांगतो. 1923 च्या बॉयलर कायद्यात 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे बॉयलरच्या व्याख्येबाहेर ठेवलेले होते, आणि त्याच्या जागी आलेल्या 2025 च्या कायद्यातही ही सूट कायम आहे. म्हणजे आपले इंजिन सरकारी तपासणीत येत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की आपल्या कामाकडे परक्या डोळ्यांनी पाहणारे कोणीच नसते. 162 अंशांच्या 3 किलो पाण्यावरचा दाब अचानक गेला, तर त्यातील सुमारे 350 ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होते, आणि ती वाफ जवळजवळ 600 लिटर जागा मागते. त्या वेळी मागच्या डब्यावर मुले बसलेली असतील. म्हणून एखाद्या कारखान्यातील अनुभवी बॉयलर अटेंडंटला किंवा ब्रेझिंग जाणणाऱ्या कारागिराला पाण्याच्या परीक्षेला बोलवावे आणि त्याच्या शंका मनावर घ्याव्यात. सेफ्टी व्हॉल्व्ह दोन असावेत, आणि आग पूर्ण भडकवून ब्लोअर (आगीला ओढ देणारा वाफेचा झोत) चालू ठेवला तरी दाब ठरलेल्या मर्यादेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वर जाऊ नये, हे प्रत्यक्ष वाफेवर पाहावे. पाणी भरण्याची साधनेही दोन स्वतंत्र हवीत.

बॉयलरचा आराखडा कागदावर पक्का झाला, म्हणजे त्याच्या वाफेवर किती मोठे सिलिंडर चालतील आणि चासी (चाके व सिलिंडर धरणारा सांगाडा) किती लांब लागेल, हे आपोआप ठरते. हाताने करायला मात्र चासीपासून सुरुवात करावी, कारण बिघडलेले चाक पुन्हा करता येते, आणि तोवर हात व डोळा तयार होतात. चासीच्या 3 मिलिमीटरच्या दोन्ही पाट्या वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत लेझरने कापून मिळतात. आस ज्यात फिरतात त्या अ‍ॅक्सलबॉक्सच्या खाचा मात्र दोन्ही पाट्या एकत्र बांधून शेवटी कानशीने किंवा मिलिंगने एकदमच साधाव्यात, आणि जोडदांडांची भोके ज्या अंतरावर आस बसले आहेत तेच अंतर उचलून पाडावीत. कागदावरचे अंतर येथे कामाचे नाही.

चाके आसावर बसवताना डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये काटकोन लागतो, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर असताना दुसरी पूर्ण जोर लावते. हा कोन नेमका 90 अंश आहे की 89, याने फारसे बिघडत नाही. सर्व आसांवर तो तंतोतंत एकसारखा असला पाहिजे. यासाठी एक साधा जिग, म्हणजे काम ठरल्या जागी धरणारा साचा, करावा: आस दोन व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, एका चाकाची क्रँकपिन उभ्या गुण्याला टेकवायची आणि दुसऱ्याची पिन आसाच्या मध्याइतक्या उंचीच्या ठोकळ्यावर. चाकाच्या भोकात लॉक्टाइट 638 हा धातू पक्का धरणारा चिकटपदार्थ लावून याच जिगमध्ये एकामागून एक आस बसवले, की कोन जिगच ठरवतो. जोडदांड चढवून चासी हाताने ढकलावी; पूर्ण फेऱ्यात कुठेही ती जड जाता कामा नये.

चासी पूर्ण झाली की पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची एक-दीड किलो हवा सिलिंडरला द्यावी. चाकाच्या एका फेऱ्यात चार भस्के ऐकू येतात आणि ते समान अंतराने यायला हवेत. लंगडा आवाज आला, तर व्हॉल्व्हचे सेटिंग एका बाजूला सरकले आहे असे समजावे आणि स्टीम चेस्टचे (व्हॉल्व्हच्या पेटीचे) झाकण काढून दोन्ही पोर्ट (वाफेची तोंडे) सारखे उघडतात का ते पाहावे.

आता आपल्या हवापाण्याविषयी, कारण विलायती आराखड्यांत हे लिहिलेले नसते. आपल्याकडे काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि ज्याने सोलरच्या नळ्या पांढऱ्या पडतात, ते बॉयलरमध्ये घालू नये. क्षाराचा थर उष्णता अडवतो, भट्टीचा पत्रा गरजेपेक्षा जास्त तापतो आणि पंपांचे बारीक व्हॉल्व्ह चिकटतात. मी पावसाचे पाणी वापरतो. दहा चौरस मीटर पत्र्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 1000 लिटर पाणी मिळते, आणि इंजिनाला तासाला काही लिटरच लागतात. पहिल्या दोन सरी वाहून जाऊ द्याव्यात, मग कापडातून गाळून झाकलेल्या टाकीत साठवावे.

बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर उन्हाळ्यात दगा देतो. हे साधन वाफेला थंड पाण्यात विरवून चालते, आणि छोट्या इंजेक्टरला साधारण 35 ते 40 अंशांपुढचे पाणी चालत नाही. मे महिन्यात दुपारी टाकीतले पाणी त्याहून गरम असते, त्यात बॉयलरची धग बाजूच्या टाक्यांना लागतेच. म्हणून आपल्या प्रदेशात आसावर चालणारा पंप मुख्य ठेवावा, हातपंप राखीव ठेवावा, आणि इंजेक्टर पुढच्या इंजिनासाठी राहू द्यावा.

कोळशाचे म्हणाल तर चंद्रपूरकडच्या दगडी कोळशात राख फार असते आणि ती छोटी जाळी लवकर कोंडते. बाभळीचा लोणारी कोळसा आणि चाळलेला दगडी कोळसा मिसळून जाळल्यास आग मोकळी राहते, मात्र लोणारी कोळसा भराभर संपत असल्याने सतत थोडा थोडा घालावा लागतो. जाळी एका पिनेवर टेकलेली ठेवावी. पाणी काचेत दिसेनासे झाले, तर ती पिन ओढून आग खाली पाडायची. तापलेल्या कोरड्या भट्टीवर पाणी सोडायचे नाही.

खर्चाचा मोठा वाटा तांबे आणि चांदी यांवर जाईल, म्हणून त्यांची खरेदी चासी हवेवर चालल्यानंतरच करावी. त्याआधी बॉयलरचा आराखडा कार्यदाब, पत्र्याची जाडी आणि स्टेचे अंतर लिहून माझ्याकडे पाठवावा. पत्रा कापण्यापूर्वी मी तो हिशोबासह तपासून देईन.